बघ्याने कुणाला सांगावं?

घरच्या ओट्यावर मेंढीकोट रंगला की मागे बसलेल्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा मागे बसू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तो डाव त्या चौघांचा असतो. कुणी हातात किलवर असताना हुकूम मारला आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही, तरी डाव संपतो, पत्ते पिसले जातात आणि विषय मिटतो. त्या चौघांपलीकडे कुणाचं काही जात नाही.

स्पर्धेच्या ब्रिजलाही हाच नियम लावला जातो, आणि माझा आक्षेप तिथे आहे. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पत्त्यांना हात लावला की ओरडा खाल्लेल्या कितीतरी जणांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की हा खेळ देशाच्या नावाने खेळला जातो. ज्या खेळात पदकं लागतात, संघात निवड होते, माणसं नोकरीतून रजा काढून गावोगावच्या स्पर्धांना जातात, तिथे घडलेली चूक डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने ती पोटात ठेवावी, असं नियमच सांगतो. हे बदलायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. ब्रिजची सध्याची आंतरराष्ट्रीय नियमावली २०१७ ची आहे आणि तिच्यातला ७६ वा नियम बघ्यांसाठी आहे. डायरेक्टरच्या, म्हणजे स्पर्धेच्या पंचाच्या, परवानगीशिवाय एकाहून अधिक खेळाडूंची पानं पाहू नयेत. बोली किंवा खेळ चालू असताना कसलीही प्रतिक्रिया दाखवू नये. खेळाडूशी बोलू नये. टेबलाशी असताना खेळातल्या कुठल्याही गोष्टीकडे लक्ष वेधू नये. काय घडलं किंवा नियम काय आहे याबद्दल खेळाच्या जागेत बोलायचं, तर ते डायरेक्टरने विचारलं तरच. यातली शेवटची अट सोडून सगळं मला मान्य आहे. जी चूक टेबलावरच्या चौघांच्या ध्यानात आली नाही, तिच्याबद्दल डायरेक्टर बघ्याला विचारणार तरी कसा?

उदाहरणाला रिव्होक घेऊ, म्हणजे मागितलेलं पान हातात असताना दुसरंच टाकणं. यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेक वेळा नसतेच. दुपारच्या सत्रात डोळे जड झालेले असतात, इस्पिकच्या काळ्या पानांत एखादं किलवर मिसळून गेलेलं असतं आणि हात चुकतो. (ऑनलाइन ब्रिजमध्ये संगणक असं पान टाकूच देत नाही, त्यामुळे हा प्रश्न फक्त खऱ्या पत्त्यांचा.) चूक करणाऱ्याला ती वेळेत उमगली तर त्याने सुधारलीच पाहिजे. पण त्याने किंवा त्याच्या पार्टनरने पुढच्या हाताला पान टाकलं की रिव्होक पक्का होतो, आणि त्यानंतर उमगलं तरी आपण होऊन सांगण्याचं बंधन त्याच्यावर नाही. लपवण्याची खटपट मात्र करायची नाही. डमी म्हणजे बोली जिंकणाऱ्याचा पार्टनर, त्याची पानं टेबलावर उघडी पडलेली असतात. तो ‘किलवर नाही ना?’ एवढं आपल्या पार्टनरला विचारू शकतो, पण घडून गेलेल्या चुकीकडे लक्ष वेधायचं तर त्याने डाव संपेपर्यंत थांबायचं. राहता राहिले समोरचे दोघे. त्यांच्या नजरेतून सुटलं की सुटलंच.

आता ही चूक कुणाकुणाला लागते ते मोजून पाहू. जोड्यांच्या स्पर्धेत एकच डाव, पानाला पान तोच, प्रत्येक टेबलावर खेळला जातो आणि मग एकाच दिशेला बसलेल्या जोड्यांची एकमेकांशी तुलना होते. ज्या जोडीला मागे टाकलं तिच्यामागे दोन गुण, जिच्याशी बरोबरी झाली तिच्यामागे एक. समजा दहा टेबलं आहेत आणि दहाही ठिकाणी उत्तर-दक्षिण जोडीचं चार इस्पिकचं कॉन्ट्रॅक्ट आहे, म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करायची बोली. पानं अशी आहेत की नीट खेळलं तर नऊच हात होतात, एक कमी पडतो. सगळ्यांची बरोबरी होऊन वीसही जोड्यांना नऊ-नऊ गुण मिळायला हवेत. पण सात नंबरच्या टेबलावर खेळणाऱ्याने रिव्होक केला, तो कुणालाच दिसला नाही आणि त्याचा दहावा हात झाला. त्याला अठरा गुण. त्याच्यासमोरच्या जोडीला शून्य. बाकीच्या नऊ उत्तर-दक्षिण जोड्या नवावरून आठवर आल्या आणि नऊ पूर्व-पश्चिम जोड्या काही न करता दहावर गेल्या. एक पान चुकीचं पडलं आणि हॉलमधल्या प्रत्येक जोडीचा गुण बदलला.

सत्र संपल्यावर निकालाचा कागद लागतो तेव्हा त्याभोवती होणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. कुणीतरी त्या डावावर बोट ठेवतं आणि म्हणतं, ‘सातवर दहा हात केले? कसे काय?’ दुसरा म्हणतो, काहीतरी जबरदस्त खेळला असणार. आठ गुणांची जोडी आपण कुठे कमी पडलो हे चहा पिता पिता शोधत बसते. आणि त्या टेबलामागे बसून सगळं पाहिलेला माणूस चार पावलांवर गप्प उभा असतो, कारण नियमाने त्याला गप्प राहायला सांगितलं आहे.

यावर नेहमी येणारं उत्तर असं की सावध राहणं हाही खेळाचाच भाग आहे. समोरच्यांनी लक्ष दिलं नाही, त्यांनी भोगावं. त्या टेबलावरच्या जोडीपुरतं मी हे मान्य करायला तयार आहे. पण चार नंबरच्या टेबलावर बसलेल्या जोडीने कुठे लक्ष द्यायला हवं होतं? ती सातव्या टेबलावर पाहू शकत नाही, पाहिलं तर तीच नियम मोडते. तिच्या सावधपणाचा इथे काही उपयोगच नाही. जिचं नुकसान झालं तिच्या वतीने पाहणारं कुणी असेल, तर तो हा बघा. त्यालाच मुका केला तर त्या जोडीच्या बाजूने खोलीत कुणीही उरत नाही.

तरीही नियम करणारे मूर्ख नव्हते. बघ्याचा धाक त्यांना वाटला त्याला भक्कम कारण आहे. बघ्याला खेळाडूपेक्षा जास्त माहीत असतं. २०२० मध्ये सगळा खेळ ऑनलाइन गेला, तेव्हा काही नामवंत खेळाडूंनी दुसऱ्या खात्यावरून प्रेक्षक बनून स्वतःच्याच टेबलावरची सगळी पानं पाहिल्याचं कबूल केलं. समोरासमोरच्या खेळात तर एक भुवईही पुरते. आणि बघ्याने सांगितलेली गोष्ट अगदी खरी असली तरी चुकीच्या क्षणी ती डाव नासवते. खेळ अर्ध्यावर असताना मागून कुणी म्हणालं, ‘अहो, यांच्याकडे किलवर होतं,’ तर खेळणाऱ्याला त्या क्षणी आयतं कळतं की ते किलवर कोणत्या हातात आहे. ज्या अंदाजावर तो अख्खा डाव उभा होता, ज्यासाठी तो बोली आठवत आणि पानं मोजत बसला होता, ते त्याच्या झोळीत पडतं. चूक सुधारायला गेलेल्या माणसाने त्याहून मोठा अन्याय करून ठेवलेला असतो. म्हणून डाव चालू असताना बघ्याने शब्द, खोकला, सुस्कारा यांतलं काहीही काढू नये, आणि काढलं तर त्याला बाहेर काढावं.

पण डाव संपल्यावर काय? शेवटचं पान पडलं की गुपित असं काही राहत नाही. डमीला याच क्षणापासून बोलायची मुभा मिळते. नियमावलीने त्याच्यासाठी जी वेळ योग्य मानली, तीच बघ्यासाठी का मानू नये? फक्त एक फरक ठेवावा. डमी टेबलावर बोलतो, बघ्याने टेबलावर बोलू नये. उठावं, डायरेक्टरकडे जावं, टेबल नंबर आणि डाव नंबर सांगून काय पाहिलं ते दोन वाक्यांत सांगावं आणि बाजूला व्हावं. निर्णय काय झाला याची चौकशीही करू नये.

बघ्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, असं कुणी विचारेल. ठेवायचाच नाही, कारण ठेवावा लागत नाही, आणि ही ब्रिजची मोठी सोय आहे. मेंढीकोटात झालेले हात एका जागी गोळा होतात आणि कुणी काय टाकलं याचा मागमूस राहत नाही. डुप्लिकेट, म्हणजे स्पर्धेच्या, ब्रिजमध्ये टाकलेलं पान मध्ये जातच नाही. प्रत्येक जण आपलं पान आपल्यासमोर पालथं ठेवतो. हात आपल्या बाजूने झाला तर उभं, गेला तर आडवं. डाव संपतो तेव्हा चौघांसमोर तेरा-तेरा पानांच्या चार रांगा असतात, ज्या क्रमाने पडली त्या क्रमाने. डायरेक्टरने त्या उलटून पाहिल्या की पाचव्या हाताला किलवर मागितलं होतं, याने बदाम टाकलं आणि याचं किलवर नवव्या हाताला निघालं, हे कुणालाही वाचता येतं. बघ्याने फक्त कुठे पाहायचं ते सांगितलेलं असतं, साक्ष पानं देतात. म्हणूनच वेळ फार महत्त्वाची आहे. पानं बोर्डात, म्हणजे चौघांची पानं वेगवेगळी ठेवायच्या खोक्यात, परत गेली की रांग मोडते, आणि मग चौघांच्या आठवणीवर भिस्त ठेवावी लागते.

नियमावलीतच याला आधार आहे. डायरेक्टरची कर्तव्यं सांगणारा ८१ वा नियम म्हणतो की ठरलेल्या मुदतीत कुठल्याही मार्गाने चूक ध्यानात आली तर डायरेक्टरने ती दुरुस्त करायची. कुठल्याही मार्गाने. त्या मुदतीची मर्यादा, आयोजकांनी वेगळी ठरवली नसेल तर, अधिकृत निकाल पाहायला लावल्यापासून तीस मिनिटं. म्हणजे ७६ वा नियम बघ्याला सांगू नको म्हणतो, आणि ८१ वा नियम डायरेक्टरला म्हणतो, कळलं असेल तर गप्प बसू नको. नियम मोडून बघा बोललाच, तर डायरेक्टरने कानावर हात ठेवायचे नाहीत. अशाने नियम पाळणारा बघा गप्प राहतो आणि न पाळणाऱ्याचं ऐकलं जातं. कुठल्याही खेळाच्या नियमांत प्रामाणिक माणसाची अशी कोंडी राहू नये.

दुसऱ्या खेळांनी हा पेच सोडवला आहे. बुद्धिबळात प्रेक्षकाने खेळात लुडबूड करायची नाही, पण नियमभंग दिसला तर तो पंचाला, आणि फक्त पंचालाच, सांगता येतो. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात तर प्रेक्षकाने जजला शक्य तितक्या लवकर सांगावं असंच म्हटलं आहे. साध्या आणि मधल्या पातळीच्या स्पर्धांत तो जजला बोलावेपर्यंत खेळाडूंना थांबायलाही सांगू शकतो, सर्वोच्च पातळीवर मात्र थेट जजकडेच जायचं. तिथे आपली चूक ओळखून फायद्यासाठी गप्प बसणारा खेळाडू फसवणूक करणारा ठरतो. या खेळाची ही बाजू मला ब्रिजपेक्षा सरस वाटते, हे ब्रिजवर जीव असूनही मी म्हणतो.

माझ्या मताविरुद्ध सगळ्यांत वजनदार मुद्दा गोल्फमधून येतो. एप्रिल २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात एएनए इन्स्पिरेशन ही महिलांची मोठी स्पर्धा चालू होती. लेक्सी थॉम्पसनने शनिवारी सतराव्या होलवर चेंडू उचलला आणि परत ठेवताना जागा किंचित चुकली. टीव्हीवर पाहणाऱ्या एकाने रविवारी ईमेल करून ते कळवलं. ती शेवटच्या फेरीत आघाडीवर खेळत असताना तिला मैदानावरच सांगण्यात आलं की चार फटक्यांचा दंड बसला आहे, दोन चेंडू चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल आणि दोन आदल्या दिवशी चुकीच्या गुणपत्रकावर सही केल्याबद्दल. तिने हिमतीने बरोबरी गाठली, पण प्लेऑफमध्ये ती रियू सो-यॉनकडून हरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोल्फच्या दोन्ही नियामक संस्थांनी प्रेक्षकांचे फोन आणि ईमेल घेणं बंद करायचं ठरवलं. १ जानेवारी २०१८ पासून ते अमलात आलं आणि प्रक्षेपणावर लक्ष ठेवायला अधिकृत माणूस बसवला गेला.

या प्रकरणातला खरा सल मला दंडाच्या आकड्यात दिसत नाही. कॅमेरा आघाडीवर असलेल्यांवरच असतो. पन्नासाव्या क्रमांकावरच्या खेळाडूने चेंडू इंचभर सरकवला तर ते पाहायला कुणी नसतं. ब्रिजमध्येही तसंच आहे. बघे नामवंतांच्या मागे बसतात, कोपऱ्यातल्या नवख्या जोडीमागची खुर्ची रिकामी असते. मग बघ्यांना बोलू दिलं तर चुका फक्त नामवंतांच्याच पकडल्या जातील. हा असमतोल खरा आहे आणि माझ्या सूचनेने तो जाणार नाही. तरीही मी सूचनेवर ठाम आहे, कारण न पकडलेली चूक सगळ्या हॉलला लागते आणि नामवंतांच्या टेबलावरची तर जास्तच लागते. बक्षिसं आणि निवड तिथूनच ठरतात. जास्त डोळे ज्या टेबलावर आहेत तिथे जास्त चुका सुधारल्या जाणं, हे कुठेच न सुधारल्या जाण्यापेक्षा बरं. आणि गोल्फमध्ये जे सगळ्यांना टोचलं ते म्हणजे शनिवारची गोष्ट रविवारी उकरली जाणं आणि घरबसल्या कुणीही पंच होणं. तीस मिनिटांची मुदत पहिल्याचा बंदोबस्त करते. दुसऱ्यासाठी, प्रक्षेपण पाहणाऱ्या दूरच्या प्रेक्षकाला मी हा अधिकार देणार नाही. तो हॉलमध्ये हजर असलेल्यालाच असावा.

बघा पक्षपाती असू शकतो, हेही मान्य. बायको खेळत असेल तर नवरा समोरच्यांच्याच चुका सांगेल. सांगू दे. पानांची रांग काय दाखवते ते कोण बोललं यावर ठरत नाही. त्याने खोटं सांगितलं तर रांग त्यालाच खोटं पाडेल.

काही जण मधला मार्ग सुचवतात. साध्या चुका सोडून द्याव्यात आणि लबाडी दिसली तरच बघ्याने बोलावं. मला हे उलट धोक्याचं वाटतं, कारण मनात काय होतं ते बघ्याला दिसत नाही, त्याला फक्त घडलेलं दिसतं. १९७५ मध्ये बर्म्युडात जागतिक स्पर्धा चालू असताना ब्रूस कीडन या अमेरिकन पत्रकाराने पाहिलं की इटलीच्या फॅकिनीचे पाय टेबलाखाली पार्टनर झुकेल्लीच्या पायांना लागत आहेत. त्याने टेबलावर आरडाओरडा केला नाही, अधिकाऱ्यांना सांगितलं. चौकशी झाली, त्या जोडीला कडक समज मिळाली आणि टेबलाखाली पाय पोचू नयेत म्हणून मध्ये अडसर ठेवला गेला. २०१५ मध्ये बोये ब्रोगेलँड या नॉर्वेच्या खेळाडूने नामवंत जोड्यांवर खुणा करून खेळल्याचे आरोप केले आणि जगभरातले लोक जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहू लागले. नेदरलँड्सच्या मायके मेव्हियस या हौशी खेळाडू. फॅन्टोनी आणि नुनेस ही नामवंत जोडी पान खेळताना ते टेबलावर कधी उभं, कधी आडवं ठेवते आणि त्याचा हातातल्या मोठ्या पानांशी संबंध दिसतो, हे त्यांनी टिपलं आणि ब्रोगेलँडला कळवलं. युरोपियन ब्रिज लीगने त्या जोडीवर पाच वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०१८ मध्ये क्रीडा लवादाने, आरोप पुरेसा सिद्ध झालेला नाही म्हणून, ती रद्द केली.

या दोन्ही प्रकरणांत पाहणाऱ्याने जे पाहिलं ते सांगितलं, आणि त्याचा अर्थ काय हे ठरवायला दुसऱ्यांना कित्येक दिवस, एका बाबतीत कित्येक वर्षं लागली. बघ्याचं काम इतकंच असावं. ‘त्याने मुद्दाम केलं’ हे वाक्य त्याच्या तोंडी नकोच. ‘पाचव्या हाताला किलवर असताना बदाम पडलं’ हे पुरे. लबाडीची शंका असेल तरच बोलायचं असा नियम केला, तर बोलणारा प्रत्येक बघा आपोआप कुणावर तरी लबाडीचा आरोप करणारा ठरेल, आणि मग कुणीच बोलणार नाही. साधी चूक सांगायची मोकळीक असेल तरच सांगणं साधं राहतं.

आपल्या क्लबांत आणि जिमखान्यांत हे आणखी महत्त्वाचं आहे. तिथे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. ज्याने सांगितलं तो चुगलखोर, हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. म्हणून कुणी सांगितलं हे डायरेक्टरने टेबलावर कधीही उघड करू नये. त्याने टेबलापाशी जावं आणि म्हणावं, ‘पानं उचलू नका, मला पाचवा हात पाहायचाय.’ एवढ्याने काम होतं. ज्याचा रिव्होक निघेल त्यालाही यात कमीपणा वाटायचं कारण नाही. हाताची दुरुस्ती होते, गुण बदलतात आणि पुढचा डाव सुरू होतो.

यासाठी नियमावली बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही, असं मला वाटतं. बघ्याने डायरेक्टरने विचारलं तरच बोलावं, असं ७६ वा नियम म्हणतो. पण डायरेक्टरने कधी विचारायचं हे तो सांगत नाही. मग सत्र सुरू होताना, मोबाइल बंद ठेवा या सूचनेबरोबरच, डायरेक्टरने सगळ्या बघ्यांना मिळून एकदाच विचारून ठेवावं : आज बसलेल्यांपैकी कुणाला नियमाविरुद्ध काही दिसलं, तर टेबलाशी गप्प राहा आणि डाव संपल्याबरोबर मला येऊन सांगा. ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियाने आपल्या स्पर्धांच्या अटींत ही सूचना घालावी आणि राज्य संघटनांनी ती उचलावी. आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या आवृत्त्या १९९७, २००७ आणि २०१७ अशा दहा-दहा वर्षांनी आल्या आहेत. त्या क्रमाने पुढची २०२७ ची येईल तेव्हा, डाव संपल्यावर डमीला जी मुभा आहे ती डायरेक्टरपुरती बघ्यालाही द्यावी, ही मागणी भारतातून लेखी जायला हवी.